सोलापूरचा किनारा

वैशाखात सोलापूरच्या खालच्या अंगाला सीनेच्या पात्रात पाणी दिसतं. वर आभाळ कोरडं, धरणातून आवर्तन सुटलेलं नाही, ओढे कधीच आटलेले. तरी बंधाऱ्याला पाणी अडलेलं असतं आणि काठावर मोटारी चालू असतात. हे पाणी शहराचं असतं. कुणाच्या तरी न्हाणीघरातून, कुणाच्या संडासातून, सूत रंगवणाऱ्या एखाद्या डाइंगच्या हौदातून निघालेलं.

सांडपाण्याच्या शास्त्रात एक जुनी गोष्ट आहे, ती इथं आठवते. इंग्लंडमधल्या एका शाही आयोगानं १९१२ साली शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं मोजमाप ठरवलं: बीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीची प्राणवायूची भूक, लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगते कण ३०. पुढं जगभर हेच आकडे थोड्याफार फरकानं गिरवले गेले. पण आयोगानं त्याला एक अट जोडली होती, ती मात्र वाटेत गळून गेली. नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असेल, तरच हे आकडे पुरेत. थेम्सच्या देशात नद्या बारा महिने वाहतात. दख्खनच्या पठारावर मे महिन्यात आठपट सोडा, एकपटही मिळत नाही. तिथं सांडपाणी नदीत मिसळत नाही. सांडपाणी हीच नदी असते.

आता दुसरं टोक पाहा. मुंबईत वरळी आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालून बोगदे काढलेत, एक सुमारे ३.४ किलोमीटरचा, दुसरा ३.७. जाळ्या लावून मोठा कचरा आणि वाळू काढायची आणि बाकीचं पाणी खोल समुद्रात सोडायचं, अशी ती मूळ योजना. तिथं सगळा भरवसा पातळ होण्यावर. सांडपाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. तळाशी सोडलं की वर चढतं आणि चढता चढता समुद्राचं पाणी ओढून घेतं. पृष्ठभागावर येईतो शंभर भागांत एक भाग व्हावं, असा साधारण हिशेब असतो. पण ओहोटीचं पाणी, पावसाळ्यातला वारा आणि खाडीची निमुळती मान हे त्या हिशेबात कधी बसतात, कधी बसत नाहीत. म्हणून तर मुंबईत सात जागी पूर्ण प्रक्रियेची नवी केंद्रं बांधायला घेतली. त्यांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली.

एका गावाला पातळ करायला अख्खा समुद्र आणि दुसऱ्या गावाला काहीच नाही. मग समुद्रकाठचं सांडपाणी सोलापूरकरानं का समजून घ्यायचं? तर सोलापूरलाही एक किनारा आहे, म्हणून. तो उजनीला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी करत भीमेला येतं आणि उजनीच्या भिंतीला टेकून थांबतं. ११७ टीएमसीचं हे धरण भरलं की समुद्रासारखंच दिसतं. रोहित उतरतात, होड्या फिरतात, आणि ऊन तापलं की काठाला पाणी हिरवं होतं, रंग कालवल्यासारखं. तेच पाणी शंभरहून अधिक किलोमीटरच्या पाइपातून सोलापूरच्या नळाला येतं. म्हणजे वरच्या शहराचं सांडपाणी पिणारं आणि खालच्या गावांना आपलं पाजणारं असं हे मधलं गाव. नळावर नाक मुरडायचा हक्क त्याला आहे; नाल्याकडे पाठ फिरवायचा नाही.

वाहतं पाणी पुष्कळ लपवतं. घाण दिसते ती पाणी थांबतं तिथं: धरणात, तळ्यात, बंधाऱ्यामागं, खाडीत. आणि थांबलेल्या पाण्याला बीओडीइतकाच, कधी कधी जास्तच, त्रास नत्र आणि स्फुरद यांचा होतो. आपल्याकडची चर्चा मात्र बीओडीपाशीच घुटमळते.

थोडे आकडे घेऊ. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं, तर त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, ड्रेनेजला जातं. लाख वस्तीचं होतं १ कोटी ८ लाख लिटर, एमएलडीत (रोजच्या दशलक्ष लिटरांत) सांगायचं तर जवळजवळ ११. आपल्या अभियंत्यांच्या सरकारी संहितेत माणशी रोजचा बीओडी २७ ग्रॅम धरलाय. १०८ लिटरमध्ये तो २५० मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. त्याच पाण्यात नत्र साधारण ५० आणि स्फुरद ७ मिलिग्रॅम. बीओडी म्हणजे जंतूंनी घाण खाताना ओढलेला प्राणवायू. जुन्या पुस्तकांत ही चाचणी २० अंशांवर पाच दिवसांची. आपल्याकडं हवा उष्ण, म्हणून २७ अंशांवर तीन दिवसांची करतात. नत्राचा प्राणवायू ओढण्याचा कार्यक्रम बहुधा त्यानंतर रंगात येतो. म्हणजे पहिला अंक पाहून नाटकाचा निकाल द्यावा, तसं हे.

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात काय होतं ते सांगण्याआधी गटारात काय होतं ते पाहू, कारण सोलापूरची अर्धी अडचण तिथंच आहे. इथं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं की घरोघर पिंपं, बॅरल, टाक्या रित्या करून ‘शिळं’ पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, ही रीत. त्यामुळं एका भागाच्या लाइनला एक दिवस पूर आणि पुढचे दिवस सुतासारखी धार. ड्रेनेजचा पाइप आपला आपण धुऊन निघायचा तर पाणी सेकंदाला निदान ०.६ मीटर वेगानं जायला हवं. धार बारीक झाली की माती, भांड्यांची राख, मैला तळाशी बसतो. वरून ४० अंशांच्या पुढची गरमी. पाइपातला प्राणवायू संपतो, सडण सुरू होते आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सुटतो: हायड्रोजन सल्फाइड. हा वायू पाइपाच्या वरच्या ओल्या भागावर बसतो, तिथले जंतू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटचा पाइप माथ्याकडून खंगत जातो. रस्ता खचला की आपण ठेकेदाराला शिव्या देतो. त्यातल्या काही शिव्या या आम्लाला देण्याजोग्या असतात.

याच वायूनं माणसं मरतात. शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून धोका टळला असं वाटतं. पाचशेच्या वर काही मिनिटांत माणूस कोसळतो. चेंबरचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं, काडी पेटवून पाहिली, हे उपाय नव्हेत. काडीनं तर मिथेनचा भडका उडेल. मॅनहोलमध्ये विनासुरक्षा माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी कुठं ना कुठं उतरवतात, आणि वर उभा असलेला दुसरा त्याला काढायला उतरतो तोही जातो.

केंद्राच्या दारातच पहिली गोष्ट म्हणजे जाळी. आधी २० मिलिमीटर फटीची, पुढं ६ मिलिमीटरची बारीक. गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, निर्माल्य हे सगळीकडचंच. सोलापूरचं खास म्हणजे सूत. चादरी आणि टर्किश टॉवेलच्या गावातून सुताचे तुकडे आणि टॉवेलची लव नाल्यात येणारच. जाळीतून ती सुटते, आत जाऊन पीळ धरते आणि पंपाच्या पंख्याला दोरखंडासारखी गुंडाळते. पंप आवाज बदलतो, अँपिअर चढतात, मोटर ट्रिप होते. यावर जाळी वेळेवर खरवडणं याखेरीज औषध नाही. फट बारीक करून भागत नाही, कारण रात्री जाळी तुंबली की मागं पाणी फुगतं आणि बायपासचं दार उघडावं लागतं. बायपास उघडला की पुढं कितीही कोटींचं केंद्र असो, मैला थेट नाल्याला.

मग वाळूचा हौद. सगळा मामला मिनिटभराचा, ०.१५ मिलिमीटरपर्यंतचे कण खाली बसवायचे आणि मैला पुढं जाऊ द्यायचा. इथं हयगय झाली की वाळू पुढच्या टाकीच्या तळाशी थर धरते, तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूजरवर बसते, आणि दोन-तीन वर्षांत टाकी रिकामी करून फावड्यानं काढावी लागते.

त्यापुढची टाकी म्हणजे केंद्राचं पोट. हल्ली बरीच नवी केंद्रं एसबीआर पद्धतीची असतात: एकाच टाकीत भरणं, हवा देणं, निवळू देणं आणि वरचं पाणी काढणं, सगळं तीन-चार तासांच्या फेऱ्यांत. आतला तपकिरी गाळ हा खरं तर गोठ्यातल्या जनावरांसारखा, जिवंत. लिटरला तीन ते पाच ग्रॅम गाळ असावा आणि हवा चालू असताना विरघळलेला प्राणवायू २ मिलिग्रॅमच्या आसपास. तब्येत ओळखायची सोपी रीत अशी: लिटरचा काचेचा नळा भरून अर्धा तास ठेवायचा. गाळ निम्म्याखाली नीट बसला, वरचं पाणी नितळ राहिलं, तर सगळं ठीक. बसतच नसेल, कापसासारखा फुगून राहत असेल, तर तंतूंसारखे जंतू माजलेत. बहुधा हवा कमी पडलीय किंवा कुजलेलं पाणी येतंय. नीट बसून तासा-दोन तासांनी ढेकळं वर येऊ लागली, तर ते दुखणं निराळं: आतल्या नायट्रेटचा नत्रवायू होऊन बुडबुडे गाळाला उचलतायत. दोन्ही वेळी बाहेर पडणाऱ्या पाण्यात गाळ जातो, पण उपाय उलटे. पहिल्यात हवा वाढवायची. दुसऱ्यात निवळण्याआधी हवा बंद ठेवून नायट्रेटला टाकीतच संपू द्यायचं. नळ्यापाशी घड्याळ लावून न बसणारा माणूस दोन्हीला एकच औषध देतो.

मैल्यातला सेंद्रिय भाग जंतू चटकन खातात. अमोनियाचं नायट्रेट करणारे जंतू मात्र फार सावकाश वाढतात, आणि त्यांचा खर्चही मोठा: एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागं ४.५७ ग्रॅम प्राणवायू. ५० मिलिग्रॅम नत्रातलं दहाएक मिलिग्रॅम गाळात गेलं असं धरलं, तर उरलेल्या ४० ला लिटरमागं १८० मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू हवा. म्हणजे २५० च्या बीओडीच्या तोडीला येणारी दुसरी भूक त्याच पाण्यात लपलेली असते. केंद्राच्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग टाकीत हवा फुंकणारे ब्लोअर खातात. बिल कमी करायचं म्हणून रात्री एक ब्लोअर बंद केला, तर बीओडी विशेष हलत नाही, अहवाल चांगला येतो, आणि अमोनिया जसाच्या तसा पुढं निघून जातो. चोरी पकडली जात नाही, कारण तपासनीस दुसऱ्याच खिशात हात घालतो.

त्यातच नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, झिजते, ग्रॅमभर नत्रामागं ७.१४ ग्रॅम. मध्येच हवा बंद करून नायट्रेटचा वायू होऊ दिला, तर त्यातली निम्मी क्षारता आणि बराच प्राणवायू परत मिळतो. हवा चालू-बंद करण्याचं हे वेळापत्रक हीच खरी करामत. सोलापूरची गरमी इथं उपयोगाला येते. युरोपातल्या थंडीत ज्या जंतूंना पंधरा-पंधरा दिवस जपावं लागतं, ते इथं त्याहून कमी दिवसांत भरभरून वाढतात. पण त्यांना धक्का सोसत नाही. एखाद्या डाइंगनं विरंजनाचा कॉस्टिक हौद एकदम नाल्यात सोडला, पीएच दहा-अकराला गेला, की ते गारद. पुन्हा उभे राहायला आठवडे लागतात.

डाइंगचं अजून एक. सुताला लावायच्या रिअॅक्टिव्ह रंगांतला सगळा रंग धाग्याला धरत नाही. बराचसा पाण्यासोबत जातो. रंग धाग्यात उतरावा म्हणून मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पोत्यांनी टाकतात, आणि ते तर सगळंच्या सगळं नाल्यात. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची बोंब होते. मीठ दिसत नाही. शहराच्या सांडपाणी केंद्रात मीठ काढणारं काहीच नसतं. आत आलं तेवढं बाहेर. समुद्रकाठी हे मीठ मोजायचीही गरज नाही. सीनेकाठी ते काळ्या रानात उतरतं, सोडियम मातीला चिकट करतो, पाणी मुरेनासं होतं. एकच पाणी, मुंबईत चालेल, सोलापुरात नाही.

उसाचंही तसंच. नाल्याच्या पाण्यावर ऊस जोमात येतो, म्हणून बंधाऱ्यावरच्या मोटारी. एकराला वर्षभरात ८० लाख लिटर पाणी दिलं आणि त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र असेल, तर न टाकताच ३२० किलो नत्र रानात पडतं. सुरू (हिवाळ्याअखेर लावलेल्या) उसाला शिफारस एकरी शंभर किलोची. मग ऊस हिरवागार, लांबलचक, वाऱ्यात लोळणारा. साखर मात्र उतरत नाही. वर युरियाचं पोतंही जातं ते जातंच, सवयीनं. पाण्यातलं खत मोजून पोती कमी करावीत, हे कुणी नीट सांगत नाही.

गोड्या पाण्यात शेवाळाला सहसा स्फुरदाची कमतरता असते, समुद्रात नत्राची. म्हणून धरणाच्या वर असलेल्या शहरानं आधी स्फुरद काढायला हवं, किनाऱ्यावरच्या शहरानं नत्र. पुण्याच्या पाण्यातल्या स्फुरदानं उजनी हिरवी होते. मुंबईच्या पाण्यातल्या नत्रानं खाडी. स्फुरद काढणं तसं अवघड नाही: तुरटी किंवा फेरिक क्लोराइड टाकलं की ते गाळात बसतं, फक्त गाळ वाढतो आणि रसायनाचं बिल येतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये बीओडी १० वर आणायला सांगितला आणि नत्र-स्फुरदालाही आकडे लावले. तो शहाणपणा होता. मात्र सगळ्यांना एकच आकडा लावण्यापेक्षा पाणी पुढं कुठं थांबतं ते पाहून लावला असता, तर मला अधिक पटलं असतं.

समुद्राला आणखी एक उणेपणा आहे, तो आपल्या ध्यानात येत नाही. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्यात सव्वासहाच्या आत. अरबी समुद्राच्या मधल्या थरात तो मुळातच अत्यल्प, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते खालचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. आधीच दम लागलेल्या पाण्यात वरून आपला अमोनिया.

जंतूंची गोष्ट वेगळी काढायला हवी. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला विष्ठेतले कोलिफॉर्म दहा लाख ते कोटीच्या घरात. समुद्रस्नानाच्या आणि मासेमारीच्या पाण्यासाठी आपली मर्यादा १०० ची. म्हणजे कोटीतले शंभर उरायचे: ९९.९९९ टक्के मेले पाहिजेत. चांगली एसबीआर फार तर ९९ पर्यंत नेते; दशांशानंतरचे तीन नऊ क्लोरिनवर. अर्धा तास संपर्क हवा, तोही सरळ टाकीत नव्हे, नागमोडी वाटेनं, नाहीतर पाणी आडमार्गानं दहा मिनिटांत निसटतं. आणि पाण्यात अमोनिया उरला असेल, तर क्लोरिन त्याला धरून क्लोरामाइन होतो, जो जंतूंना कमी मारतो. रात्री बंद केलेला तो ब्लोअर इथं पुन्हा भेटतो. मग ऑपरेटर क्लोरिन वाढवतो, आणि जंतूंऐवजी नाल्यातले मासे मरतात. कोकणात तिसऱ्या आणि कालवं खातात; हे शिंपले दिवसभर पाणी गाळून आपलं पोट भरतात, त्यामुळं पाण्यात विरळ असलेले जंतू त्यांच्या पोटात दाट होतात. शिंपल्याच्या पाण्याला म्हणून स्नानापेक्षा कडक पारख लागते.

आणि शेवटी गाळ. लाख माणसांमागं रोज २,७०० किलो बीओडी, त्यातून दोनेक हजार किलो कोरडा गाळ. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून पाणी पिळणाऱ्या यंत्रातून काढला, तर दहा टनांचा ओला केक, रोज. टेंडरमध्ये केंद्राची क्षमता ठळक असते. हा केक नेणार कोण आणि टाकणार कुठं, हे बारीक अक्षरात. नेला नाही की टाकीतच साठतो, लिटरला तीनाचे सहा, सहाचे आठ ग्रॅम होतात, निवळण्याच्या वेळी गाळाचा पडदा वरच्या नळीपर्यंत येतो, आणि पाणी सोडायच्या दिवशी, जेव्हा शहर ‘शिळं’ पाणी ओततं, तेव्हा सगळा भसकन नाल्यात जातो. बुडालेली केंद्रं यंत्रांपायी कमी आणि या केकपायी जास्त बुडतात. सोलापूरच्या उन्हात वाळूच्या वाफ्यांवर गाळ उन्हाळ्यात आठवड्याभरात तडकतो. जागा थोडी जास्त लागते, वीज लागत नाही. इथं सेंट्रिफ्यूजचा सोस कशाला, हे मला कळलेलं नाही. पावसाळ्यापुरतं एक यंत्र पुरे.

जानेवारी २०१९ मध्ये सोलापुरात भुयारी गटार योजना आणि तीन सांडपाणी केंद्रं लोकार्पण झाली. शहराजवळ १,३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि २०१६ च्या वीजदर धोरणानुसार ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी केंद्र असेल, तर वीज केंद्रानं ते पाणी वापरणं बंधनकारक आहे. जमलं तर उजनीवरचा भार उतरेल. पण वीज केंद्राच्या शीतमनोऱ्यातही पाणी फिरून फिरून दाट होतं. तिथं अमोनिया पितळेच्या नळ्या खातो आणि स्फुरद चुन्यासारखा थर धरतो. म्हणजे तिथंही पाणी थांबतंच. आणि ते सगळं पाणी तिकडं गेलं, तर वैशाखात सीनेच्या बंधाऱ्यावरच्या मोटारींना काय उरेल, हा प्रश्न काठावरची गावं विचारणारच.

उरलेलं पाणी सीनेतून हत्तरसंग कुडलला भीमेला मिळतं. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. पुढं भीमा गाणगापूरवरून रायचूरकडे कृष्णेला जाते, आणि कृष्णा एकामागून एक धरणांत थांबत, प्रत्येक ठिकाणी थोडं स्फुरद तळाशी ठेवत, हंसलदीवीला बंगालच्या उपसागरापर्यंत पोचते. कोरड्या वर्षी तिच्यात समुद्राला द्यायला फारसं पाणी उरलेलं नसतं.